तुटण्यासाठी बसवलेली पिन

घड्याळाला पट्टा घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी त्याचं काम विचारायचो. गिऱ्हाइकांना ते फारसं आवडायचं नाही. दिघीहून सायकल मारत आलेल्या एका सुभेदारसाहेबांनी तर मला तोंडावर विचारलं होतं, की तुम्ही पट्टा विकताय का मुलीचं स्थळ बघताय. मी म्हटलं, पट्टाच विकतोय, पण हात कुठे कुठे जातो ते कळल्याशिवाय विकत नाही. ही सवय मला उपजत नव्हती. ती कशी लागली, तेच इथे सांगायचं आहे.

पुण्यात आठ वर्षं एका जुन्या घड्याळजींच्या हाताखाली काढून मी चिंचवड स्टेशनजवळ स्वतःचं दुकान टाकलं, ते पन्नासच्या दशकात. दुकान म्हणजे फळ्या लावून बंद करायची एक खोली. एका बाजूला वाणी, दुसऱ्या बाजूला सायकलवाला. पिंपरीच्या बाजूला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. आजूबाजूच्या गावांतली माणसं सकाळी सायकलींवरून भोंग्याच्या वेळेला धावायची, आणि भोंग्याला धावणाऱ्या माणसाला घड्याळ लागतंच. माझा धंदा त्या भोंग्यांनी चालवला असं म्हटलं तरी चालेल.

दुरुस्तीपेक्षा पट्ट्यांच्या कामात डोकं कमी लागतं असा लोकांचा समज असतो. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. आपल्याकडच्या घामात कातडी पट्टा एका उन्हाळ्यात कुजतो, म्हणून ज्याचं घड्याळ किमती असे तो धातूचा पट्टा मागे. माझ्याकडे चार तऱ्हा असत. एक जाळीचा, बारीक तारा विणलेला, मनगटावर कापडासारखा बसणारा. दिसायला देखणा, पण जाळीत मळ धरतो. दुसरा स्प्रिंगचा, ताणला की रुंद होतो, मुठीवरून सरळ हातात चढतो. त्यात मनगटावरचे केस अडकतात आणि माणूस दिवसभर स्वतःशी चरफडत राहतो. तिसऱ्याला आम्ही तांदूळदाणी म्हणायचो. तांदळाच्या दाण्यांएवढे गुळगुळीत मणी ओळीने जोडलेले. बारीक चरे त्यात दिसत नाहीत, पण पाच-सहा वर्षांत ढिला पडून लोंबायला लागतो. आणि चौथा भरीव कड्यांचा. जाड पोलादी कड्या, एकमेकींत पिनेने अडकवलेल्या, वजनदार, बकल लावलं की खटकन आवाज येणारा. तो हातात धरला की बाकीचे तीन पोरखेळ वाटत. माल बाहेरून येणं अवघड झालेलं असल्यामुळे तो माझ्याकडे क्वचितच असे, आणि आला की मी तो मखमलीवर मांडून काचेत ठेवत असे.

असाच एक भरीव पट्टा मी विष्णू मोरे नावाच्या माणसाला विकला. हा मराठवाड्यातून आलेला, एका कारखान्यात मोठ्या ड्रिल मशीनवर कामाला. बोलायला गोड आणि मनगटाने दांडगा. मी त्याला त्या पट्ट्याची खूप तारीफ सांगितली. घोडा जुंपला तरी तुटणार नाही, असं म्हणालो होतो. हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

सात-आठ महिन्यांनी विष्णू दुकानात आला. त्याने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि दोन कड्या कमी करायला सांगितल्या. मनगट बारीक झालंय म्हणाला. मी वर बघितलं तेव्हा त्याचा हात दिसला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी ताणलेली, चकाकणारी, नव्याने आलेली, आणि बोटं अर्धी वळून तशीच थांबलेली. फिरत्या ड्रिलमध्ये पट्टा अडकला होता. मशीन बंद होईपर्यंत पट्ट्याने हात सोडला नव्हता. ससूनमध्ये दोन महिने काढून तो परत आला होता. आता त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं.

मी पट्टा उचलून कड्यांची पिन शोधू लागलो. तोच म्हणाला, "पट्टा मात्र एक नंबर दिलात बघा. इतकं झालं, पण कुठं हललासुद्धा नाही."

तो मला टोचून बोलला असता तर बरं वाटलं असतं. पण तो खरोखर तारीफच करत होता. मी दोन कड्या काढल्या. त्या काढताना पिन दोनदा जमिनीवर पडली. तो गेल्यावर मी काचेतली मखमल काढली आणि शिल्लक असलेला एकमेव भरीव पट्टा डब्यात घालून फळीवर मागे सरकवला.

सोपानराव त्यानंतर काही महिन्यांनी आले.

सोपानराव रावेतचे. पवनेकाठी त्यांची शेती होती, ती थोरले भाऊ बघायचे. हे स्वतः एका नव्या कारखान्यात फिटर. वय पस्तिशीच्या आसपास, डोक्याला टोपी, बोलणं गावचंच. त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधलेली एक पुरचुंडी सोडून माझ्यापुढे घड्याळ ठेवलं, आणि मी डोळ्याला भिंग लावायचं विसरून नुसताच बघत राहिलो. स्विस घड्याळ, पोलादी केस, आकडे सोन्याचे, आणि आपोआप चावी घेणारं. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. असं घड्याळ मी तोवर दोनदाच उघडलं होतं, दोन्ही वेळा पुण्यातल्या बड्या डॉक्टरांचं.

हे सोपानरावांकडे कसं आलं, ते त्यांनीच सांगितलं. कारखान्यात मशिनरी उभी करायला परदेशातून एक इंजिनीअर आले होते. दीड वर्ष सोपानराव त्यांचे मदतनीस. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बोल्ट किती आवळायचा हे दोघांनाही एकाच वेळी कळायचं. जाताना साहेबांनी गेटवर गाडी थांबवली, मनगटावरचं घड्याळ उतरवलं आणि यांच्या हातात बांधलं. त्याचा कातडी पट्टा आता कुजून तुटायला आला होता.

मी रिवाजाप्रमाणे काम विचारलं. लेथ, मिलिंग, जिथे मशीन बिघडेल तिथे जावं लागतं, असं ते म्हणाले. मग मी त्यांना सुचवलं की घड्याळ कारखान्यात घालूच नका. सणासुदीला घाला. त्यावर त्यांनी मान हलवली. साहेबांनी खुणेने सांगितलं होतं की हे हात हलल्यावर चालतं, पेटीत ठेवलं तर बंद पडेल. मी समजावलं की एकदा भरलं की दीड दिवस चालतं, रात्री काढून ठेवलं तर काही बिघडत नाही. तेही त्यांना पटलं. पण त्यांचं कारण निराळंच होतं.

"सायबानं त्ये कामाच्या हातातनं काढलं आन् कामाच्याच हातात बांधलं," ते म्हणाले. "लग्नात मिरवायला न्हाई दिलं."

मी तीन पट्टे पुढे ठेवले. जाळीचा त्यांनी बोटाने दाबून बाजूला सारला. तेल आणि लोखंडाचा कीस जाळीत बसला तर निघणार नाही, म्हणाले. स्प्रिंगचा मी मुद्दाम सुचवला. मला वाटत होतं की तो अडकला तर ताणून निदान हातातून निघेल तरी. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि म्हणाले की हा ताणत जाईल, गुंडाळत जाईल, पण सुटणार नाही. फिटरची नजर होती ती. मला आठ वर्षांच्या शिक्षणात कुणी हे सांगितलं नव्हतं. तांदूळदाणी त्यांना बायकी वाटली. मग त्यांची नजर मागच्या फळीवरच्या डब्याकडे गेली आणि त्यात काय आहे असं त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. डबा काढून दाखवला. तो भरीव पट्टा त्यांनी घड्याळाशेजारी ठेवला, आणि दोन्ही वस्तू एकमेकींसाठीच घडवल्यासारख्या दिसल्या. हाच द्या, म्हणाले. मी म्हटलं, हा तुम्हाला विकणार नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मग अगदी हळू विचारलं, "सायब आला असता तर त्याला इकला असता न्हवं?"

तो प्रश्न मला लागला, कारण त्यांचा समज चुकीचा असला तरी वावगा नव्हता. धोतरातल्या माणसाला असली वस्तू कशाला, असं म्हणणारे दुकानदार मी पाहिले होते. मी त्यांना आत स्टुलावर बसवलं आणि विष्णू मोरेची हकिकत सांगितली. घोडा जुंपण्याचं वाक्यसुद्धा सांगितलं. दोन कड्या काढल्या तेही सांगितलं. सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पुन्हा सोग्यात बांधलं आणि उठून गेले. मला वाटलं, एक चांगलं गिऱ्हाईक तुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले आणि माझ्या टेबलावर पितळेची एक जाडशी पिन ठेवली. मधोमध तुटलेली होती. मी विचारलं, हे काय. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कळलं नाही, म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं. मोठ्या मशीनमध्ये एक पिन मुद्दाम कच्ची ठेवतात. मशीन कुठे अडकलं, जोर जास्त झाला, की ती पिन तुटते आणि बाकीचे दाते, गिअर वाचतात. पिन नवी घालायची, मशीन पुन्हा चालू. मशिनीला आपण एवढं जपतो, मग हाताला का नको, असा त्यांचा सवाल होता.

मी घड्याळाच्या धंद्यात वाढलेला माणूस. आमचा सगळा जन्म वस्तू तुटू नये यासाठी. घड्याळ हातातून पडलं तर दोष पट्टा बसवणाऱ्याचा, हे माझ्या गुरूंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आणि इथे हा माणूस मला सांगत होता, की असा पट्टा बसव जो ठरलेल्या वेळी तुटेल. मी म्हटलं, घड्याळ फुटेल. ते म्हणाले, फुटू द्या. मी म्हटलं, सायकलवरून जाताना पिन तुटून घड्याळ रस्त्यात पडलं तर? तेव्हा ते हसले. "त्येच तर काम हाय आपलं. कुटं तुटायचं आन् कुटं न्हाई, त्ये बसवायचं."

त्यापुढचे चार रविवार आम्ही दोघांनी त्या पिनेवर घालवले. माझ्या कामाच्या आयुष्यातले ते सर्वांत आनंदाचे रविवार होते, हे मी माझ्या घरच्यांनाही सांगितलेलं आहे. पट्टा छताच्या कडीला टांगायचा, खाली तागाची पिशवी बांधायची आणि शेजारच्या वाण्याकडून आणलेली वजनं एकेक करून पिशवीत सोडायची. सोपानराव पिना करून आणायचे, मी भिंगाखाली धरून बसवायचो. पहिली पिन इतकी पक्की निघाली की अख्खा मण लटकला आणि पिनेच्या आधी पट्ट्याची कडीच वाकली. ती सरळ करण्यात माझे दोन तास गेले. दुसरी चार शेरांतच तुटली. ती हातात असती तर सदरा काढताना घड्याळ गेलं असतं. तिसरी वीस शेरांना तुटली, आणि हुबेहूब तशीच केलेली चौथी बारा शेरांना, म्हणजे भरवसा नाही. वाणी दुकानातून डोकावून विचारायचा की तुमचं घड्याळ शेरावर विकायचं ठरलंय का.

भरवसा शेवटी खाचेने आला. पिन सरसकट बारीक करण्याऐवजी मी तिच्या अंगावर दोन ठिकाणी केसाएवढी खाच पाडली, जिथे कड्यांचे कान एकमेकांना भिडतात तिथे नेमकी. खाच कानशीने नाही जमत, घड्याळजीच्या छोट्या लेथवर, दोरीच्या धनुकलीने पिन फिरवत पाडावी लागते. तशा सहा पिना आम्ही एकामागून एक तोडल्या. सहाच्या सहा सतरा-अठरा शेरांच्या दरम्यान तुटल्या. सहावी तुटली तेव्हा सोपानरावांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि चहा सांगा म्हणाले. तो चहा मीच पाजला.

भरीव पट्टा त्यांच्या मनगटावर चढला. बकलाच्या शेजारच्या कडीत खाचेची पितळी पिन. तिचं टोक पोलादात एवढंसं पिवळं दिसायचं. मी ते पॉलिशने झाकून देतो म्हणालो, तर त्यांनी नको सांगितलं.

पाच-सहा महिने गेले. ते अधूनमधून जाता-येता हात वर करून दाखवायचे, मी मान हलवायचो. एक दिवस दुपारी, पाळी सुटायच्या आधीच, ते दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी रुमाल सोडून टेबलावर ठेवला. काच फुटलेली, काटे निखळलेले, केसवर खोल खड्डा. पट्टा वेगळा. मी घड्याळ हातातसुद्धा घेतलं नाही. त्यांना हात दाखवा म्हटलं.

मनगटावर जांभळा वळ होता, बोटभर रुंद. बाकी काही नाही. त्यांनी माझ्यासमोर मूठ मिटली आणि उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. लेथवर फिरणारा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, तपासायला वाकले होते, बाहेर आलेल्या बोल्टच्या डोक्याने पट्टा पकडला. त्यांना फक्त एक हिसका कळला, आणि मग समोरच्या भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. शेडमधल्या माणसांना वाटलं, हात गेला. कुणीतरी मशीन बंद केलं. सोपानराव मात्र स्वतःच्या पाचही बोटांकडे बघत तिथेच खाली बसले होते.

हे सांगून झाल्यावर त्यांनी रुमालातली फुटकी काच बोटाने एका जागी सारली. मग म्हणाले, "घड्याळजी, सायबाचं घड्याळ म्या फोडलं."

मी त्यांना सांगितलं की घड्याळ दुरुस्त होतं. त्याच्या आतल्या बॅलन्सचा, म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला होता. तो भाग इथे मिळणं शक्य नव्हतं, बाहेरून मागवायची सोय नव्हती. मी तो हाताने केला. पोलादाच्या सुईएवढ्या कांबीतून, टोकं केसापेक्षा बारीक. तीन वेळा बिघडला. चौथा बसला. सव्वा महिना लागला. घड्याळ पुन्हा चाललं, दिवसाला अर्धं मिनिट मागे पडायचं, पण चाललं. केसवरचा खड्डा मी भरून देऊ शकलो असतो. त्यांनी तो तसाच ठेवायला सांगितला.

गोष्ट शेडमध्ये पसरली, तिथून आसपासच्या कारखान्यांत गेली. पुढच्या रविवारी सकाळी मी फळ्या काढल्या तर बाहेर अकरा माणसं उभी. सगळ्यांची मनगटं पुढे. कुणाचा जाळीचा पट्टा, कुणाचा स्प्रिंगचा, एकाचा तर हाताने वळलेला तारेचा. सोपानराव काडेपेटीत खाच पाडायच्या पिना घेऊन आले होते. आम्ही दुपारपर्यंत पट्टे उघडत होतो. जाळीच्या आणि स्प्रिंगच्या पट्ट्यात पिनेला जागाच नसते, म्हणून बकलाजवळ मी एक छोटी कडी जोडायची युक्ती काढली. रांगेत विष्णू मोरेही होता. त्याला आता मशीनवर जायचं नव्हतं. त्याने धड हाताने पट्टा पुढे केला आणि धाकटा भाऊ सोमवारपासून ड्रिलवर लागतोय, हा त्याला देणार आहे, एवढंच म्हणाला. त्याच्या कड्यांत पिन बसवायला मी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. मला त्याची माफी मागायची होती. ती मी मागितली नाही. रांगेत माणसं होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. पुढे संधी मिळूनही मागितली नाही, त्याला काही कारण नव्हतं.

दोनेक वर्षं मी त्या पिना बसवल्या. किती बसवल्या ते मोजलं नाही. त्यातल्या काही तुटल्या, आणि तुटलेली पिन घेऊन येणारा माणूस आधी मला आपला हात दाखवायचा. असा पट्टा मी बनवला, असा पट्टा आमच्याकडे दुसऱ्या कुणीच बनवत नव्हतं, याची मला घमेंड होती. ती मी लपवत नाही.

मग एक दिवस सोपानराव आले, आता ते फोरमन झाले होते. तुमचा पिनेचा धंदा मी बसवला, म्हणाले. मला कळेना. त्यांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि कारखान्यात नेलं. गेटवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, पण आम्हाला आत सोडलं. शेडच्या दाराशी एक नवा फळा होता. मशीनवर घड्याळ, अंगठी, कडं घालायला मनाई. त्याच्याखाली लाकडी खणांची एक मांडणी. सोपानरावांनी वर्षभर वरिष्ठांच्या मागे लागून ती करून घेतली होती. पहिला खण त्यांचा. त्यात खड्डा पडलेलं ते स्विस घड्याळ टिकटिक करत होतं.

मी म्हटलं, साहेबांनी कामाच्या हातात दिलं होतं ना. ते म्हणाले, "हात ऱ्हायला तर काम. सायबाला कळंल."

आत पाळी चालू होती. साठ-सत्तर माणसं आपापल्या मशीनवर वाकलेली. मी पट्टे विकून पोट भरणारा माणूस, आणि त्या शेडमध्ये एकाही मनगटावर पट्टा नव्हता. फक्त प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर, उन्हाने आणि भट्टीने काळवंडलेल्या हातावर, एक पांढरी गोल पट्टी उमटलेली होती. काही पट्ट्या रुंद होत्या, काही अरुंद. जाळीची कुठली, तांदूळदाणीची कुठली, मी लांबून ओळखत उभा राहिलो. सोपानराव माझ्या शेजारी थांबले होते. आणि सगळ्यांचे हात चालू होते.